पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं. या वेळी चयापचयाचा आनुवंशिक आजार लवकर कसा ओळखता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ दोन दिवस छान दूध प्यायलं, मग मलूल पडलं, झटके आले. कागदावर जंतुसंसर्ग लिहिलं, पण कल्चरमध्ये जंतू वाढलेच नाहीत. शिवाय लग्न सख्ख्या आतेभावाशी. मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काम करतो. न पाहता निदान सांगणार नाही, पण हे वाचून मला आधी चयापचयातल्या, म्हणजे शरीर अन्न वापरतं त्या प्रक्रियेतल्या दोषाचीच शंका आली.

पोटात असताना बाळाच्या रक्तातले नको ते पदार्थ वारेतून आईकडे जातात आणि तिचं शरीर ते निस्तरतं. जन्मानंतर ते काम बाळावर येतं. दूध सुरू झालं आणि ते पदार्थ मोडणारं एखादं एन्झाइमच नसलं, की अमोनियासारखे पदार्थ साचत जातात. म्हणून सुरुवातीला बाळ ठणठणीत दिसतं, आणि बिघडतं तेव्हा हुबेहूब जंतुसंसर्गासारखं.

तुम्हाला आता दुसरा महिना आहे, म्हणजे याच आठवड्यात जेनेटिक्सच्या डॉक्टरांना गाठा. पहिल्या बाळाच्या रक्ताचा नमुना किंवा टाचेतून घेतलेल्या थेंबांचं कार्ड कुठे शिल्लक आहे का, विचारा. असेल तर त्यावर जनुकीय तपासणी होते; नसेल तर तुम्हा दोघांची करतात. नेमका दोष सापडला तरच ११ आठवड्यांनंतर वारेचा नमुना घेऊन हे बाळ तपासता येतं. असे बहुतेक आजार सदोष जनुक दोघांकडून आलं तरच होतात आणि धोका दर खेपेला २५ टक्के असतो. घरात कोणी तुमच्या पायगुणावर बोलत असेल, तर हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

बाळंतपण अशा ठिकाणी करा, जिथे अमोनिया तिथल्या तिथे मोजतात. अशा आजारांसाठी बाळाच्या टाचेच्या रक्ताची चाचणी एरवी ४८ ते ७२ तासांत करतात. तुमच्या बाबतीत त्याआधी एकदा करून पुन्हा करायची का, हे आधीच ठरवून ठेवा. गोव्यात सरकारने २००८ मध्ये ही चाचणी सुरू केली. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ती मागून घ्यावी लागते. मात्र रिपोर्टला काही दिवस लागतात. बाळ दूध ओढेनासं झालं तर त्याची वाट पाहायची नाही. साखर, ब्लड गॅस, अमोनिया, लॅक्टेट या रक्ततपासण्या लगेच. दूध थांबवून ग्लुकोजचं सलाइन. सोबत अँटिबायोटिकही चालू राहू दे. रक्त चढवायची वेळ आली तर नमुना त्याआधी घ्यायला सांगा, नाहीतर गॅलॅक्टोसीमियासारख्या (दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याच्या) आजाराची चाचणी फसते.

एका आजारात लघवीला मेथीसारखा वास येतो. पण आईने मेथीचे लाडू खाल्ले तरी बाळाला तसा वास येऊ शकतो, तेव्हा खाल्ले असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

निदान झालंच तर खर्चासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात चौकशी करा. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजार धोरणाखालचं ते उपचार केंद्र आहे, आणि यादीतल्या आजारांना तिथून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते.