सेकंड हँड स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट बदललेला आहे, टोकाला काजळी आहे. मालक म्हणतो ‘मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) ट्यून केलंय’. घ्यावी का?

घ्या किंवा सोडा, पण आधी गाडीखाली वाकून एक्झॉस्ट नेमका कुठून बदललाय ते बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (‘कॅट’, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) मागचा पाइप आणि मफलर एवढंच बदललं असेल, तर आवाज वाढतो, बाकी फारसं काही होत नाही. धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर त्या भागाच्या आधीच येऊन गेलेले असतात. पण हेडर (इंजिनमधून धूर गोळा करणारे पहिले पाइप) किंवा टर्बोचा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) बदलला असेल, कॅट काढून टाकला असेल, तर नीट चौकशी करा.

यात मी स्वतः फसलोय. मी घेतलेल्या गाडीत कॅट नव्हताच. मागच्या सेन्सरखाली बोटाच्या पेराएवढा स्पेसर बसवला होता, त्यामुळे सेन्सर धुराच्या झोतातून बाहेर आला आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटत राहिलं की कॅट ठणठणीत आहे. चेक इंजिनचा दिवा कधीच लागला नाही. प्रदूषण तपासणीत नापास झाल्यावर मेकॅनिकने गाडी वर उचलली, तेव्हा मला कळलं.

म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) घेऊन जा, साधा ब्लूटूथवालाही चालतो. आधी रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे अपूर्ण दिसले तर एरर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय असं समजा. मग इंजिन पूर्ण गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते. शून्याच्या आसपास, फार तर पाच टक्के इकडेतिकडे, हे उत्तम. अधिक दहाच्या वर म्हणजे ईसीयू सतत जास्तीचं पेट्रोल ओततोय: कुठेतरी हवा गळतेय, पंप दमलाय, किंवा सेन्सरच्या आधीचा जोड फुटलाय. हा शेवटचा प्रकार बदललेल्या एक्झॉस्टमध्ये नेहमीचा. फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते, सेन्सरला मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू नसलेल्या आजारावर औषध देत बसतो. थंड इंजिन सुरू करताना हेडरजवळ टिकटिक ऐकू आली, तर संशय आणखी पक्का.

ट्रिम उणे दहाच्या खाली असेल तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) होतंय आणि ईसीयू पेट्रोल कापतोय. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ते ऑइलमध्ये उतरतंय. टोकाच्या काजळीवरून मात्र निकाल देऊ नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या धडधाकट टर्बो गाड्याही टोक काळं करतात.

आता ‘ट्यून केलंय’बद्दल. वरचे आकडे आरामात चालवतानाचे. तेव्हा ईसीयू एका किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा हे प्रमाण धरून ठेवतो. पूर्ण थ्रॉटलला टर्बो इंजिन मुद्दाम रिच, १२ च्या आसपास चालवतात, म्हणजे ज्वलनकक्ष थंड राहतो. तिथे लीन झालं तर नॉक होतं (पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी पेटतं) आणि पिस्टन वितळू शकतो. ट्रिम बघून हे कळत नाही. मालकाकडे वाइडबँड सेन्सरचा (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा), पूर्ण थ्रॉटलचा लॉग, म्हणजे नोंदवलेले आकडे, मागा. खरोखर ट्यून करून घेणाऱ्याकडे तो बहुधा असतो. ‘ट्यूनरने सांगितलं ठीक आहे’ एवढंच उत्तर आलं, तर मी तरी ती गाडी मूळ ईसीयू मॅप (कंपनीने ईसीयूत भरलेलं सेटिंग) परत टाकल्याशिवाय घेणार नाही.

आणि काढलेला मूळ एक्झॉस्ट, कॅटसकट, त्याने ठेवलाय का विचारा. असेल तर तो सौद्यातच मागून घ्या. नसेल तर नव्या कॅटची किंमत काढून मगच भावाचं बोला.