धुऱ्यावर मेलेल्या चितळाच्या जखमेतल्या अळ्या कोणत्या माशीच्या, हे डीएनएवरून कळतं का?

हो, कळतं. अळीच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या) सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण 658 डीएनए-अक्षरांचा तुकडा वाचतात आणि ओळख पटलेल्या माश्यांच्या नोंदींशी ताडतात. पूर्ण वाढलेली अळी जाणकार माणूस तिच्या मागच्या श्वासरंध्रांवरून ओळखतो, पण बारीक अळ्या जवळपास सारख्याच दिसतात, तिथे डीएनएच कामाचा. तुमच्याकडे खरा प्रश्न एवढाच, की जिवंत जनावराचं मांस खाणारी स्क्रूवर्म, म्हणजे क्रायसोमिया बेझियाना, की मेल्यावर येणारी साधी हिरवी-निळी माशी. पहिली असेल तर गोठ्यातल्या गुरांच्या किरकोळ जखमाही रोज बघाव्या लागतील. अळ्या 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवाव्यात. फॉर्मालिनमध्ये (दवाखान्यात सहसा तेच हाताशी असतं) डीएनए खराब होतो. एक मर्यादा आहे: लुसिलिया सेरिकाटा आणि लुसिलिया क्युप्रिना या हिरव्या माश्यांच्या दोन जातींमध्ये संकर होतो, त्यामुळे एकट्या सीओआयवर भरवसा नको, पेशीच्या केंद्रकातलं एखादं जनुकही तपासावं लागतं. आणि स्वतः अळ्या काढायला जाऊ नका. चितळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आधी वनरक्षकाला कळवा, नमुना पशुवैद्यक घेतील.