प्रीमियरमध्ये चालणाऱ्या क्लिप रिझॉल्व्हमध्ये का चालत नाहीत? काय करावं?

प्रीमियर आणि रिझॉल्व्ह ही दोन्ही व्हिडिओ एडिटिंगची सॉफ्टवेअरं. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी दुखणी आहेत. मित्राच्या विंडोजवरच्या प्रीमियरमध्ये सुरळीत चालणाऱ्या फोनच्या क्लिप तुमच्या लिनक्सवरच्या मोफत रिझॉल्व्हमध्ये दिसतच नाहीत. त्यानं प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये बदलून दिलेल्या क्लिपला चित्र आहे, पण आवाज नाही. आणि बदलून घेतलेल्या लांब मुलाखतीत सुरुवात ठीक, पण शेवटाकडे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. फाइलचं एक्स्टेन्शन एमपी४चं एमओव्ही करून पाहिलंत, उपयोग झाला नाही. होणारही नव्हता. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही नुसती पाकिटं. पाकिटावरचा पत्ता खोडून दुसरा लिहिला म्हणून आतलं पत्र बदलत नाही. पत्र कुठल्या भाषेत लिहिलंय ते ठरवतो कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत, आणि तुमचं सॉफ्टवेअर अडतंय ते तिथे.

म्हणून आधी काहीही कन्व्हर्ट करू नका. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात एकेक क्लिप टाका आणि वाचा. फोनच्या क्लिपसाठी साधारण असं काही दिसेल: फॉरमॅट एचईव्हीसी, प्रोफाइल मेन १०, क्रोमा ४:२:०, बिट डेप्थ १०, फ्रेम रेट मोड व्हेरिएबल, आणि खाली ऑडिओमध्ये एएसी. या चार-पाच ओळींत तुमची तिन्ही दुखणी लिहिलेली आहेत.

पहिलं दुखणं सोपं. रिझॉल्व्हची लिनक्सवरची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं एच.२६४ आणि एचईव्हीसी हे फोनमधले नेहमीचे कोडेक उघडत आलेली नाही. ती सोय पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत. फाइल बिघडलेली नाही, तुमचं मशीनही बिघडलेलं नाही.

दुसरं त्याचंच भावंड. लिनक्सवरच्या रिझॉल्व्हचं एएसी या आवाजाच्या कोडेकशी जुनं वाकडं आहे. आणि एफएफएमपेग या कन्व्हर्ट करायच्या मोफत सॉफ्टवेअरला आवाजाबद्दल काहीच सांगितलं नाही, तर एमओव्ही बनवताना ते आवाज गुपचूप एएसीमध्येच घालतं. मित्रानं चित्र प्रोरेस केलं, आवाजाकडे लक्ष दिलं नाही, बस्स. अशा क्लिपचं चित्र पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. चित्र जसंच्या तसं कॉपी करायचं आणि फक्त आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, करायचा. काही सेकंदांचं काम.

तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण त्यात मी स्वतः एक अख्खी रात्र घालवली आहे. चाळीस मिनिटांची मुलाखत, फोनवर शूट केलेली. मी दर दोन-तीन मिनिटांनी कट मारून आवाज चार-पाच फ्रेम मागे सरकवत बसलो होतो. पहाटेपर्यंत टाइमलाइनचा पार चिंध्यांचा गठ्ठा झाला होता. मग मीडियाइन्फो उघडलं. फोन ३०च्या ठरलेल्या गतीनं फ्रेम टाकतच नव्हता. उजेड कमी झाला की फ्रेम कमी, फोन तापला की आणखी कमी. प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ बघून चालवतो, म्हणून तिथे सगळं जुळतं. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र पुष्कळदा सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतं. आवाज आपल्या घड्याळानं पुढे जातो, चित्र आपल्या. स्क्रीन रेकॉर्डिंगचंही हेच रडगाणं. आणि फाइल प्रोरेस किंवा त्याच्यासारखाच एडिटिंगचा कोडेक डीएनएक्सएचआर केली म्हणजे हे आपोआप सुटतं असं नाही, ही कमीजास्त गती, म्हणजे व्हेरिएबल फ्रेम रेट, नव्या पाकिटातही तसाच येऊ शकतो. कन्व्हर्ट करतानाच कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, फ्रेम रेट ठरवून द्यावा लागतो. तोही नीट बघून: २९.९७ आणि ३० एकच समजलात तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो.

आता कन्व्हर्ट कशात करायचं? माझं मत ठाम आहे: एच.२६४मधून पुन्हा एच.२६४मध्ये अजिबात नको. हे कोडेक लोकांना बघायला देण्यासाठी आहेत. त्यांच्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण फ्रेम, मग पुढच्यांत फक्त काय बदललं त्याची नोंद. टाइमलाइनवर मधल्याच फ्रेमवर गेलात की सॉफ्टवेअरला मागून हिशेब करत यावं लागतं, म्हणून स्क्रब करताना, म्हणजे टाइमलाइनवर मागेपुढे सरकताना, मशीन धापा टाकतं. शिवाय दर वेळच्या एन्कोडला चित्राचा थोडा चुरा होतो. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. त्याची किंमत जागेत मोजावी लागते: १०८०पी, २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ तासाला साधारण ५५ जीबी खातं, ४केमध्ये तेच २२१ जीबीच्या आसपास. हार्ड डिस्क आधी मोकळी करा.

तुम्हा दोघांसाठी मी डीएनएक्सएचआर सुचवीन, दोन्हीकडे निमूट उघडतं. फक्त प्रकार निवडताना चूक करू नका. एचक्यू नाव भारदस्त वाटतं, पण ते ८ बिटचं, म्हणजे रंगांच्या कमी छटांचं, आहे. तुमच्या फोनची क्लिप १० बिट असेल तर एचक्यूएक्स घ्या, नाहीतर आकाशाच्या निळ्या रंगात पट्टे दिसतील आणि दोष ग्रेडिंगला, म्हणजे रंग नीट करण्याच्या कामाला, द्याल. जुनं डीएनएक्सएचडी टाळा, ते ठरावीक मापांशिवाय चालत नाही आणि उभ्या व्हिडिओला तर नकारच देतं. पारदर्शक ग्राफिक्स असतील तेवढ्यापुरतं प्रोरेस ४४४४.

कमांड लिहायचा कंटाळा असेल तर शटर एन्कोडर वापरा. मोफत आहे, आत एफएफएमपेगच आहे, आणि लिनक्सवरही चालतं. सगळ्या क्लिप एकदम टाका, डीएनएक्सएचआर निवडा, फ्रेम रेट प्रोजेक्टचा द्या, आवाज पीसीएम ४८ किलोहर्ट्झ. मूळ फाइली डिलीट करू नका, आणि नव्या फाइलींची नावं तीच ठेवा, म्हणजे पुढे मूळ क्लिप पुन्हा जोडता येतात.

क्लिप एमकेव्हीमध्ये असेल आणि आतला कोडेक समोरच्या सॉफ्टवेअरला चालणारा असेल, तर कन्व्हर्ट करायचीच गरज नाही, नुसतं पाकीट बदला. इथे मात्र एफएफएमपेगकडून रीरॅप करून, नाव बदलून नव्हे. दर्जा तसूभरही घटत नाही.

बदललेल्या क्लिपचे रंग मूळपेक्षा फिके किंवा जास्तच काळे दिसले तर कोडेक बदलत बसू नका. बहुधा एका सॉफ्टवेअरनं काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या लेव्हल ० ते २५५ धरल्या आहेत आणि दुसऱ्यानं १६ ते २३५. रिझॉल्व्हमध्ये क्लिप अॅट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स आहे, तिथे व्हिडिओ आणि फुल आलटून पालटून बघा.

टाइमलाइनची नोंद असलेली एक्सएमएल फाइल देऊन टाइमलाइन इकडून तिकडे नेणार असाल तर कट येतील, प्रीमियरमधले इफेक्ट बहुतेक येणार नाहीत. ते मित्राला आधीच सांगून ठेवा.

सगळा ढीग कन्व्हर्ट करायच्या आधी त्या मुलाखतीचा शेवटचा दहा मिनिटांचा तुकडा करून दोघांनी आपापल्या मशीनवर उघडून बघा. शेवटचाच, कारण घसरण तिथे दिसते. मात्र तुकडा कापा तो कॉन्स्टंट फ्रेम रेट करून झाल्यावर पूर्ण फाइलमधून. आधीच कापलात तर मोजणी शून्यापासून सुरू होईल आणि चूक लपून बसेल. तरीही जुळलं नाही तर मीडियाइन्फोचा मजकूर जसाच्या तसा इथे चिकटवा, स्क्रीनचा फोटो नको.