दोरीच्या उड्या : टाच टेकवू नका

उडी उंच नको. दोरी पायाखालून जाईल इतकी, दोन-तीन सेंटीमीटर पुरे. चवडा टेकला की पोटरी झटक्यात ताणली जाते आणि साधारण 40-50 मिलिसेकंदांत मज्जारज्जूकडून तिला आवळायचा हुकूम येतो. मेंदूला विचारायची भानगडच नाही. पण पोटरी हवेत असतानाच थोडी आवळलेली हवी. पाय ढिला पडला की टाच आपटते, गुडघा जास्त वाकतो आणि प्रत्येक उडी नव्याने जोर लावून मारावी लागते. मिनिटाला 120-130 ची लय धरा. फार सावकाश मारलीत तर पोटरीतला ताण वाया जातो. आवाज ऐका : ‘टप’ हवा, ‘धप्प’ आला की थांबा. सुरुवातीला 20 सेकंद उड्या, 40 सेकंद विश्रांती, असे सहा फेरे. सकाळी टाचेमागची शीर ताठ वाटली तर त्या दिवशी दोरी खुंटीला.