वाचकांचे प्रश्न : चीनमधलं बॉक्सर बंड

१९०० च्या सुमाराला उत्तर चीनमधले गावकरी परक्यांविरुद्ध आणि चिनी ख्रिस्ती लोकांविरुद्ध उठले, तेच हे बंड.

प्रश्न : या बंडखोरांना ‘बॉक्सर’ का म्हणतात? आपल्याला गोळी लागत नाही असं त्यांना खरंच वाटायचं का? (सातारा)

उत्तर : ‘बॉक्सर’ हे परदेशी लोकांनी दिलेलं नाव. ते स्वतःला ‘यीहेछ्वान’ म्हणवत. छ्वान म्हणजे मूठ, म्हणजेच मुठीची युद्धकला. पुढे सरकारदरबारी छ्वानच्या जागी ‘त्वान’ आलं. त्वान म्हणजे गावरक्षक पथक. या एका शब्दाने त्यांच्यावरचा बेकायदा टोळीचा शिक्का पुसट झाला.

आता गोळीचं. शानतुंग प्रांतात त्याआधी ‘मोठ्या तलवारींचा संघ’ होता. त्याचे लोक अंगावर विटांचे आणि पात्यांचे घाव सोसण्याचा सराव करत, आणि त्याला बराच काळ लागे. प्रांताच्या वायव्येकडच्या नव्या पंथाने, म्हणजे या बॉक्सरांनी, मात्र सोपी वाट काढली. देवळापुढच्या मोकळ्या जागेत जमायचं, मंत्र लिहिलेला कागद जाळून त्याची राख पाण्यातून प्यायची, आग्नेयेला नमस्कार करायचा, की देव संचारायचा. आपण ज्याला अंगात येणं म्हणतो तेच हे. देवही ओळखीचे होते : क्वान यू, चांग फेई, वानरराज सुन वूखोंग. जत्रेतल्या नाटकांत पोरांनी ते लहानपणापासून पाहिलेले. गुरूजवळ वर्षानुवर्षं राबायची गरज नसल्याने चळवळ गावोगाव झपाट्याने पसरली. गोळी लागून कुणी मेलाच, तर त्याचं मन शुद्ध नव्हतं, त्याने नियम मोडला किंवा बाईचा विटाळ झाला असं सांगितलं जाई. त्यामुळे एकाच्या मरणाने श्रद्धा ढळत नसे. ही माणसं वेडी नव्हती. हातात भाले-तलवारी आणि समोर रायफली असताना उभं राहायला त्यांना हाच एक आधार होता.

प्रश्न : राग परक्यांवर होता, मग मारले गेलेल्यांत चिनी ख्रिस्ती लोकच जास्त कसे? (बेळगाव)

उत्तर : कारण भांडण गावातलं होतं. क्वान तालुक्यातल्या लीयुआनथुन गावाचं उदाहरण घ्या. १८६९ मध्ये गावच्या सामाईक जमिनीची वाटणी झाली आणि देवळाची जागा ख्रिस्ती कुटुंबांच्या वाट्याला गेली. तिथे चर्च उभारायचं ठरलं आणि वाद पुढची जवळजवळ तीस वर्षं धुमसत राहिला. असा खटला उभा राहिला की मिशनरी आपल्या माणसाच्या बाजूने अधिकाऱ्यावर दबाव आणत, आणि मिशनऱ्यामागे त्याच्या देशाची तोफनौका आहे हे अधिकाऱ्याला पक्कं माहीत असे. नोव्हेंबर १८९७ मध्ये च्यू-ये इथे दोन जर्मन मिशनऱ्यांचा खून झाला. त्याच महिन्यात जर्मनीने च्याओचौचं आखात बळकावलं आणि पुढच्या मार्चमध्ये ९९ वर्षांच्या पट्ट्यावर लिहून घेतलं. बाकीच्यांना यातून काय कळायचं ते कळलं.

त्यावर निसर्गाची भर पडली. ऑगस्ट १८९८ मध्ये पीत नदीचे बांध फुटले. १८९९-१९०० मध्ये अवर्षण पडलं. पेरणी नाही, म्हणून तरुण पोरं रिकामी. ख्रिस्ती लोकांनी देव कोपवला म्हणून पाऊस अडला, असं भिंतींवरची पत्रकं सांगत होती. पाऊस पडला तिथले पुष्कळ बॉक्सर शेताकडे परतले, एवढी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते.

प्रश्न : हे बंड राजसत्तेविरुद्ध होतं ना? (इंदूर)

उत्तर : नाही. त्यांची घोषणाच होती, ‘छिंगला आधार द्या, परक्यांचा नाश करा’. छिंग म्हणजे तेव्हाचं चीनचं राजघराणं. सम्राज्ञी त्सशीच्या दरबाराने २१ जून १९०० रोजी युद्धाचा हुकूमनामा काढून त्यांना आपल्या बाजूला घेतलं. दक्षिणेच्या सुभेदारांनी मात्र तो हुकूम मानला नाही. बंड मोडायला आठ परक्या राष्ट्रांनी मिळून सैन्य पाठवलं, पण सारा चीन त्यांच्याशी लढला नाही. म्हणून ‘चीन विरुद्ध आठ राष्ट्रं’ हे वर्णन अर्धंच खरं आहे.

प्रश्न : पेकिंगच्या वकिलातींनी ५५ दिवस तग कसा धरला? (पुणे)

उत्तर : १९०० च्या उन्हाळ्यात बॉक्सर आणि चिनी फौजेने पेकिंगमधल्या (आजचं बीजिंग) परदेशी वकिलातींना वेढा घातला होता. आत सुमारे ४०० सैनिक होते. वाळूच्या पोत्यांना कापड पुरेना तेव्हा पडदे आणि रेशमाची वस्त्रं फाडून पिशव्या शिवल्या. इटालियन तोफेचे गोळे संपत आले. रशियनांनी गोळे आणले होते, पण त्यांची तोफ मागे राहिलेली. मग जुन्या भंगारात सापडलेली एक नळी इटालियन गाड्यावर बांधून तिच्यातून रशियन गोळे डागले. अन्नासाठी घोडे आणि खेचरं कापली.

पण खरं कारण भिंतीबाहेर होतं. चिनी सेनापती रोंगलूने जड तोफा पूर्ण ताकदीने वापरल्याच नाहीत. जुलैच्या मध्यात गोळीबार थांबला आणि दरबाराकडून आत कलिंगडंही पाठवली गेली. तो सारा मारा जोमाने झाला असता तर वकिलाती इतके दिवस टिकल्या नसत्या. आणि आतल्या सुमारे २,८०० चिनी ख्रिस्ती लोकांना विसरू नका. खंदक खणणं, ओझी वाहणं त्यांच्याकडे होतं, पण अन्न सर्वांत कमी त्यांनाच मिळालं. शेवटी त्यांनी झाडांचा पाला आणि साल खाल्ली.

प्रश्न : या लढाईत हिंदी सैनिक होते असं ऐकलं. मराठी संबंध काही? (ठाणे)

उत्तर : ब्रिटिश तुकडीत बहुतेक हिंदी पलटणीच होत्या. १४ ऑगस्टला वेढा उठवायला आलेलं रशियन आणि जपानी सैन्य पूर्वेकडच्या दरवाजांशी अडकलेलं असताना ७ वी राजपूत आणि १ ली शीख या पलटणींचे जवान तटाखालच्या कालव्याच्या मोरीतून, चिखल तुडवत, सर्वांआधी वकिलातींत पोचले. मराठी संबंध ग्वाल्हेरचा. महाराज माधवराव शिंदे यांनी स्वखर्चाने ‘ग्वाल्हेर’ हे इस्पितळ-जहाज दिलं आणि ते स्वतः ब्रिटिश तुकडीचे प्रमुख जनरल गॅसली यांच्या हाताखाली चीनमध्ये राहिले.

प्रश्न : दंडाचा आकडा ४५ कोटी की ९८ कोटी? पुस्तकांत दोन्ही सापडतात. (नाशिक)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. बंड मोडल्यावर परक्या राष्ट्रांनी चीनवर हा दंड लादला. ७ सप्टेंबर १९०१ च्या करारात मुद्दल ४५ कोटी ताएल चांदी ठरली. ताएल हे वजनाचं चिनी माप. एक ताएल ३७ ग्रॅमच्या किंचित वर धरा, म्हणजे जवळपास १७,००० टन चांदी. चीनची लोकसंख्या तेव्हा ४५ कोटी मानत, म्हणजे माणशी एक ताएल. त्यावर ४ टक्के व्याज आणि १९४० पर्यंतचे हप्ते धरले की बेरीज ९८ कोटींच्या वर जाते. सर्वांत मोठा वाटा रशियाचा, सुमारे २९ टक्के. त्याखालोखाल जर्मनी, २० टक्के. तारण म्हणून जकात आणि मिठाचा कर. आकडा चांदीत असला तरी कर्ज सोन्याच्या दराला बांधलेलं होतं, त्यामुळे चांदी उतरली की चीनचा बोजा वाढे.

सगळी रक्कम मात्र वसूल झाली नाही. १९१७ मध्ये चीन महायुद्धात उतरल्यावर जर्मनी आणि ऑस्ट्रियाचे हप्ते थांबले. अमेरिकेने १९०८ मध्ये आपल्या वाट्यातला काही भाग सोडायचं ठरवलं, आणि त्या पैशातून १९११ मध्ये पेकिंगला छिंगह्वाची शाळा उघडली, तेच आजचं छिंगह्वा विद्यापीठ.