वेब सर्व्हरची 'संरचना धारिका'? विन्यास म्हणा!

प्रश्न असा आलाय की, ऑफिसातल्या विंडोज डेस्कटॉपवर वेब सर्व्हरची कॉन्फिग फाईल, म्हणजे सर्व्हरने कसं वागायचं त्या सूचनांची फाईल, बनवून ती सर्व्हरवर चढवायची असते, त्या कामाच्या मराठी माहितीपुस्तिकेत 'संरचना धारिका' असं छापलंय, ते बरोबर आहे का, आणि 'कॉन्फिगर करणे'ला मराठीत काय म्हणायचं.

संरचना साफ चूक. कित्येक वर्षं हे कानावर पडतंय आणि दर वेळी डोकं फिरतं. संरचना पुलाची असते, रेणूची असते, वाक्याची असते. अपाची म्हणजे साइटची पानं पुरवणारा एक वेब सर्व्हर, त्याची संरचना त्याच्या सोर्स कोडमध्ये आहे, तिला आपण हातसुद्धा लावत नाही. एचटीटीपीडी.कॉन्फ, म्हणजे त्याच्या मुख्य कॉन्फिग फाईलमध्ये, आपण लिहितो काय? 'लिसन ८०', म्हणजे ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, कान देऊन बस. 'डॉक्युमेंटरूट', म्हणजे साइटची पानं अमुक फोल्डरमधून दे. तीन व्हर्च्युअल होस्ट लिहिले तर तीन साइट चालतात, सर्व्हर तोच असतो. आमच्याकडे एका नव्या मुलाने 'संरचना बदला' वाचून फोल्डरच इकडचे तिकडे केले आणि साइट बसली, आणि त्यात त्या पोराची काय चूक, शब्दाने त्याला तेच सांगितलं होतं!

बरोबर शब्द विन्यास. वि + नि + अस्. हा अस् म्हणजे 'असणे'वाला नाही हं, दुसरा, संस्कृतात ज्याचं 'अस्यति' होतं तो, अर्थ फेकणे, टाकणे. फेकून मारायचं ते अस्त्र, त्यातला हाच धातू. नि लागला की खाली ठेवणं, झाला न्यास. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या रांगेत 'मंदिर न्यास' वाचतो ना आपण, तोच हा, आणि अमरकोशात न्यास म्हणजे उपनिधी, दुसऱ्याच्या हवाली केलेली ठेव. सगळंच टाकून दिलं की संन्यास. गुरुजी अंगन्यास करतात तेव्हा एकेका अवयवाला हात लावून तिथे मंत्र ठेवतात. अभ्याससुद्धा ह्याच घरातला, अभि + अस्. आणि वि लागला की प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी नीट ठेवणं, जसा केशविन्यास. पोर्ट इथे, फोल्डर तिथे, लॉग म्हणजे नोंदी अमक्या जागी, कॉन्फिग फाईल हेच तर करते!

आता अंधेरी-पवईच्या कुठल्याही आयटीवाल्याला विचारा, तो म्हणतो, 'कॉन्फ टाकली का सर्व्हरवर?', घाईत असला तर 'फेक ना पटकन'. टाकणे, फेकणे! अस् धातूचा पहिला अर्थ मुंबईच्या तोंडात अजून जिवंत आहे, आणि ह्यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

'विन्यास हिंदी आहे' म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. हिंदीने वापरला म्हणून शब्द हिंदीच्या मालकीचा होतो का? मग संन्यासही देऊन टाका त्यांना. दुसरे 'संरूपण'वाले, त्यांनी लॅटिन 'फिगुरा' म्हणजे आकार एवढं कोशात बघितलं आणि रूप चिकटवून दिलं. भाषांतर शब्दाचं झालं, कामाचं राहिलं. परिभाषा करणाऱ्यांनी एकदा तरी ती फाईल उघडून बघायला हवी होती.

धारिका नको, फाईलच म्हणा. बोलताना 'कॉन्फिगर कर' चालेल, पुस्तिकेत मात्र 'विन्यास करणे' आणि 'विन्यास फाईल' लिहा.

आणि त्याच पुस्तिकेत हेही घाला: नोटपॅडमध्ये सेव्ह करताना फाईलच्या नावाशेवटी गुपचूप .टीएक्सटी लागतं, विंडोज ते लपवतं, आणि सर्व्हर ती फाईल ओळखत नाही. शिवाय फाईल टाकली म्हणजे लागू झाली असं नाही. .एचटीअ‍ॅक्सेस, म्हणजे एकेका फोल्डरपुरती कॉन्फिग फाईल, चालू ठेवलेली असेल तर अपाची दर रिक्वेस्टला वाचतो, पण मुख्य कॉन्फ रिलोड केल्याशिवाय वाचत नाही, आणि रिलोडच्या आधी कॉन्फिगटेस्ट, म्हणजे फाईलमधलं लिखाण तपासणारी कमांड, चालवून 'सिंटॅक्स ओके' आलेलं डोळ्यांनी बघायचं.