तुरुमतीत 'तुरतुर' नाही, तुर्क आहेत

माळावर लाल डोक्याच्या ससाण्याची जोडी पाहिल्यावर तुम्ही विचारलंत, याचं 'तुरुमती' हे नाव 'तुरतुर'वरून आलं असेल का? माझाही बरीच वर्षं तोच समज होता. पक्षी चपळ, नाव चुरचुरीत, जुळतंय की! पण तो कानाला होणारा भास आहे. हा शब्द तुर्की कुळातला, मूळ रूप 'तुरुमताय'. महमूद अल-काशगरीने १०७०च्या दशकात बगदादमध्ये तुर्की बोलींचा कोश अरबीतून लिहिला, त्यात तो शिकारी पक्षी म्हणून नोंदलेला आहे. कझाक-किर्गिझ लोक आजही जवळपास असंच म्हणतात.

गंमत पुढे आहे. तिकडचा तुरुमताय म्हणजे मर्लिन, थंड मुलखातला चिमुकला ससाणा. आपली तुरुमती म्हणजे तुम्ही पाहिलेला लाल डोक्याचा ससाणा, शास्त्रीय नाव फाल्को चिक्वेरा. जात वेगळी, नाव एक! माझा अंदाज असा की मध्य आशियातले बाजदार, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवणारे, इकडे आले, मुठीवर बसवण्याजोगा तशाच चणीचा पक्षी त्यांना इथल्या माळावर दिसला आणि ओळखीचं नाव त्याला चिकटलं. कामालाही ती तशीच तरबेज. लाव्यावर, साळुंकीवर सोडायचे, पण खरा शौक नीलकंठाचा. दसऱ्याला ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो, तोच.

'ताय'चं 'ती' कसं झालं? बाजदारीत भाव मादीला, कारण ती नरापेक्षा चांगलीच मोठी. तुरुमती हे खरं तर मादीचं नाव. नराला चेटवा म्हणत. मादीच्या नावाला 'ती' आपसूक आली असावी, एवढंच मी म्हणेन.

कानावर विसंबलं की असंच फसायला होतं. 'बहिरी ससाणा' म्हटलं की लोक त्याच्या कानांची चौकशी करतात. ते 'बहरी' आहे, अरबी 'बहर' म्हणजे समुद्र, त्यावरून. बाज, शाहीन ही फारसी. म्हणजे बाजदारांच्या या नेहमीच्या नावांत अस्सल तुर्की म्हणावं ते आपल्या तुरुमतीचंच.

आणि हो, जोडी ताडावर बसली होती म्हणालात ना? फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच झाडावर घरटं दिसू शकतं. बघा, पण दुर्बिणीतून, लांबूनच. एक पाखराला हुसकावतो आणि दुसरा वाट अडवून धरतो, ही जोडीची शिकार तिथे नीट पाहायला मिळेल.